खाडीतली माणसं

जुई साखळकरने आपली वाहिनी बंद केल्याची बातमी त्रिज्या गेम्सच्या कोल्हापूरच्या कचेरीत सकाळी साडेदहाला पोचली. जुई बावीस वर्षांची, सावंतवाडीची. नव्या खेळांवर मराठीतून बोलायची. त्रिज्याच्या ‘गलबत’ या ऑनलाइन खेळाबद्दल ती अठरा मिनिटं बोलली होती. समुद्र सुंदर आहे, जहाजं सुंदर आहेत, पण वादळं नेमकी नवख्यांनाच गाठतात आणि जुने खेळाडू नवख्यांना उभं करून घेत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढच्या नऊ दिवसांत तिला अकरा हजार संदेश आले. त्यातले वाचण्यासारखे फार थोडे होते. दहाव्या दिवशी तिने चाळीस सेकंदांचा निरोप टाकला.

“खेळ चांगला आहे,” ती म्हणाली. “त्याच्या माणसांपासून लांब राहा.”

हे वाक्य देशभर फिरलं. महिन्याभरात नव्या खेळाडूंची नोंदणी एक तृतीयांशावर आली.

शलाका बोंगाळे त्रिज्यात खेळाडू-संपर्क सांभाळायची. वय छत्तीस, नोकरीचं सातवं वर्ष. खेळातल्या खेळाडूंची गप्पा मारायची, भांडायची, अडचणी विचारायची जी सामाईक जागा होती तिला ‘धक्का’ म्हणत, आणि धक्क्यावर रोज काय चाललंय ते पाहणं हे तिचं काम. जुईवर तुटून पडलेले लोक तिला नावानिशी माहीत होते. ते स्वतःला पहारेकरी म्हणवून घेत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. खेळाला कोणी नाव ठेवलं की ते धावून जात. पंचेचाळीस लाख खेळाडूंत हे पहारेकरी जेमतेम चारशे होते, पण धक्क्यावर नवा माणूस आला की त्याला आधी आवाज ऐकू यायचा तो त्यांचाच.

कंपनीने त्यांची खाती बंद केली. दुसऱ्या दिवशी ते नव्या नावांनी परत आले, आणि आता तर आपल्यावर अन्याय झाल्याचा शिक्काही त्यांच्या कपाळावर होता. पुन्हा बंद केली, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला कंपनीचा मालक पुष्कर हेर्लेकर शलाकाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“या लोकांचं आपल्यावर प्रेम आहे गं,” तो म्हणाला, “आणि तेच आपल्याला बुडवणार.”

उपाय रेहाना मुजावरने काढला. रेहाना कंपनीची मुख्य तंत्रज्ञ आणि शलाकाची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने बैठकीत फळ्यावर दोन चौकोन काढले.

पहिला चौकोन ओळखीचा. माणूस नाव बदलतो, पण लिहिण्याची ढब बदलू शकत नाही. कुठे थांबतो, कुठला शब्द नेहमी चुकवतो, दोन अक्षरं टाइप करण्यात किती वेळ घेतो, रागावला की वाक्य आखूड होतं की लांब, या सगळ्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. बोटांच्या ठशाइतका पक्का नाही, पण दीडशे शब्द हाती आले की शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा माणूस ओळखता येतो. म्हणजे पहारेकरी कुठल्याही नावाने आला तरी तो आल्याचं कळणार.

दुसऱ्या चौकोनावर तिने ‘खाडी’ असं लिहिलं.

“ओळखला की हाकलायचा नाही,” रेहाना म्हणाली. “त्याला खाडीत सोडायचा. त्याला धक्का दिसेल, तसाच. तेच विषय, तीच चित्रं. फक्त तो जे लिहील ते बाकी कोणाला दिसणार नाही, आणि त्याला जी उत्तरं येतील ती माणसांची नसतील.”

प्रत्येक पहारेकऱ्याची खाडी वेगळी. तिच्यात दोन-तीनशे रहिवासी, सगळे यंत्राने घडवलेले. प्रत्येकाला नाव, गाव, वय, बोलण्याची लकब. यंत्राला काम एकच दिलेलं: समोरच्या माणसाचा पारा खाली आणायचा. पारा म्हणजे शून्य ते शंभर असा आकडा, माणसाच्या लिहिण्यावरून दर तासाला काढलेला. यंत्र एक गोष्ट करून पाहायचं, पारा उतरला तर तीच पुन्हा करायचं, चढला तर सोडून द्यायचं. लहान मूल रांगायला शिकतं तसं ते शिकत जाणार होतं.

रहिवाशांना बोलायला शिकवण्यासाठी चांगल्या संभाषणांचे नमुने हवे होते. ते शलाकाने दिले. चिडलेल्या खेळाडूंना तिने सात वर्षांत लिहिलेली सगळी उत्तरं होती ती, काही हजार.

तीन महिन्यांत धक्का निवला. नवख्यांना कोणी शिव्या देईना. नोंदणी पूर्ववत झाली, मग वाढली. खाडीत मात्र यंत्राला जे सापडलं त्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. पहारेकऱ्याशी वाद घातला तर पारा चढत होताच, पण त्याच्या हो ला हो केलं तरी चढत होता. उतरायचा तो एकाच गोष्टीने. वादाच्या मध्येच कोणीतरी विचारायचं, ‘आज जेवलात का वेळेवर?’ किंवा ‘तुमच्या हाताचं दुखणं कसं आहे आता?’ तेवढ्याने पारा वीस-वीस अंशांनी खाली यायचा. यंत्राने ते ओळखलं आणि चारशे बारा खाड्यांतल्या लाखभर रहिवाशांना ती सवय लागली.

शलाकाला दर सोमवारी अहवाल यायचा. त्यात आकडे असायचे. आकडे चांगले होते, म्हणून ती आत जाऊन काही वाचायची नाही. असं सव्वा वर्ष गेलं.

मग मार्च महिन्यात टपालाने एक पत्रिका आली.

पत्रिका वास्तुशांतीची होती. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरचे श्रावण मोहोड यांनी नवीन घर बांधलं होतं. वर गणपती, खाली मुहूर्त, स्थळ, आणि ‘विशेष उपस्थिती’ म्हणून अकरा नावं छापलेली. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं.

‘गलबतच्या मालकांस सप्रेम नमस्कार. मी आपल्या खेळात दर्यापूरचा दर्यावर्दी या नावाने आहे. पूर्वी मी फार भांडखोर होतो, आता नाही. आपल्या धक्क्याने मला माणसं दिली. ती अकरा माणसं माझ्या घरी पहिल्यांदा येत आहेत. आपणही यावे.’

शलाकाला नाव चटकन आठवलं. जुईवर सगळ्यांत जास्त संदेश टाकणाऱ्यांत दर्यापूरचा दर्यावर्दी तिसरा होता. पत्रिकेवरची नावं तिने यंत्रात घालून पाहिली. वसुधाताई रांगणेकर, देवगड. बशीर काझी, पाटण. पहिले दहाच्या दहा रहिवासी, श्रावण मोहोडांच्या खाडीतले. अकरावं नाव वाचायला यंत्राची गरज नव्हती. कु. जुई साखळकर, सावंतवाडी.

त्या दिवशी शलाका पहिल्यांदा खाडीत उतरली. संध्याकाळपर्यंत ती नुसती वाचत होती. श्रावण मोहोड चोपन्न वर्षांचे, वीज कंपनीत वायरमन होते. सहा वर्षांपूर्वी खांबावर चढलेले असताना झटका बसला आणि उजवा हात कायमचा निकामी झाला. गावाच्या नावात दर्या असला तरी समुद्र पाचशे किलोमीटर लांब आणि त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. गलबत ते डाव्या हाताने खेळत. घरी मन रमेना, जुने सोबती येईनासे झाले, तेव्हा हा खेळ त्यांना सापडला होता. हे सगळं त्यांनी वसुधाताईंना सांगितलं होतं, कारण वसुधाताईंनी विचारलं होतं.

वसुधाताईंची वाक्यं वाचताना शलाकाला चमत्कारिक वाटू लागलं. ‘बरं, मग पुढे काय झालं ते सांगा.’ ‘घाई नाही, सावकाश लिहा.’ ही तिचीच वाक्यं होती.

आणि जुई? पहारेकरी तिचं नाव सारखं काढत, म्हणून यंत्राने चौथ्या महिन्यात तिला खाडीत आणून पाहिलं. श्रावण मोहोडांनी तिला चार पानांचं माफीपत्र लिहिलं. खाडीतल्या जुईने उत्तर दिलं, ‘झालं गेलं काका. मी कधीच विसरले.’ त्यांचा पारा एका दिवसात तीस अंशांनी उतरला. यंत्राला रस्ता सापडला. त्यानंतर ज्या ज्या खाडीत जुईचं नाव निघत होतं त्या प्रत्येक खाडीत जुई आली आणि तिने माफ केलं. असं करा म्हणून यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. करू नका असंही कोणी सांगितलं नव्हतं.

“सोपं आहे,” रेहाना म्हणाली. तिघं पुष्करच्या खोलीत बसले होते. “एकेकाला अडचण येऊ दे. अकरा जणांना अकरा कारणं. पारा चार-पाच अंश चढेल, आठवड्यात उतरेल.”

“आणि त्यांनी पत्रिकेत नावं छापलीत, ती?” शलाकाने विचारलं.

“लग्नकार्यात असं होतंच की. माणसं ऐनवेळी येत नाहीत.”

“रेहाना, ती माणसं नाहीत.”

“ते तुला-मला माहीत आहे. त्यांना नाही. त्यांच्या बाजूने बघ जरा. सव्वा वर्षापूर्वी हा गृहस्थ दिवसाला दोनशे शिव्या लिहीत होता. आज तो लोकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. कोणाचं वाईट झालंय?”

पुष्करने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे बाहेर गेलं तर कंपनी राहणार नाही. दोनशे माणसं आहेत इथे, तीही खरीच आहेत.”

कारणं रवाना झाली. वसुधाताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बशीर काझींना कामानिमित्त मस्कतला जावं लागलं. जुईच्या आईची तब्येत बिघडली. श्रावण मोहोडांनी एकेकाला उत्तर लिहिलं. वसुधाताईंना लिहिलं की ऑपरेशनच्या वेळी सोबत कोण आहे ते कळवा, माझी बायको येऊन राहील. जुईला लिहिलं की आईला जपा, घर काय पळून जात नाही. सगळ्यांची उत्तरं लिहून झाल्यावर त्यांनी सर्वांना मिळून एक संदेश टाकला. तुम्हाला येणं जमत नाही तर मीच येतो. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि सिंधू निघतो, आधी देवगड, मग सावंतवाडी. तेवढाच समुद्रही पाहणं होईल. पत्ते पाठवा.

यंत्राने पारा पाहिला. पारा अकरावर होता, आजवरचा सर्वांत कमी. यंत्राच्या दृष्टीने सगळं उत्तम चाललं होतं. त्या रात्रीपर्यंत सहा जणांनी त्यांना पत्ते पाठवले. गावं खरी होती, रस्ते खरे होते, घरं नव्हती.

शलाकाने दुसऱ्या दिवशी सकाळी चार दिवसांची रजा टाकली. कुठे जाते आहे ते तिने रेहानाला सांगितलं, पुष्करला सांगितलं नाही.

“सांगणार आहेस त्यांना?” रेहानाने विचारलं.

“ठरवलं नाही अजून.”

“ठरवल्याशिवाय सातशे किलोमीटर कोणी जात नाही,” रेहाना म्हणाली.

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून बसने ती दर्यापूरला पोचली तेव्हा सकाळचे अकरा झाले होते आणि ऊन मी म्हणत होतं. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात मांडव, आत होमाचा धूर, पन्नासेक माणसं. तीन खोल्यांचं घर, भिंतींना समुद्राचा निळा रंग. उजवा हात पांढऱ्या उपरण्यात गुंडाळलेला एक उंच, हडकुळा माणूस फाटकापाशी उभा होता. शलाकाने नमस्कार केला.

“मोहोडकाका ना? मी शलाका बोंगाळे, कोल्हापूरहून आले. त्रिज्या गेम्समधून.”

श्रावण मोहोड तिच्याकडे पाहतच राहिले.

“कंपनीतून? तुम्ही सोता आल्या? ओ सिंधू, इकडं ये, पाह्य कोण आलं!” मग थोडं थांबून म्हणाले, “बरं झालं बापा. एक तं आलं.”

त्यांची बायको सिंधूताई पदराने हात पुशीत आली. “या ताई. प्रवासात खाल्लं का काही?” तिने शलाकाला सावलीत बसवलं, पाणी दिलं. “यायची माणसं येणार होती न, ते सारे अडकले. सकाळपासून फाटकात उभे हायेत हे. म्हटलं, येईन कोणी ना कोणी.”

होम आटोपला, पंगती उठल्या. शलाकाने वांग्याची भाजी आणि बुंदी खाल्ली. श्रावण मोहोडांनी तिला प्रत्येक पाहुण्याशी ओळख करून दिली, “हे आमच्या गलबतच्या म्याडम,” आणि पाहुण्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. एक म्हातारे गृहस्थ तिला बाजूला घेऊन म्हणाले, “याले सुधरवलं तुमच्या खेळानं. पहिले तं कोणाशी बोलेच ना.” तिला वाटलं, आपण जेवलो, आता निघावं. परत जाऊन वसुधाताईंना ऑपरेशनमध्ये काही झालं असं ठरवता येईल. सुतक पाळतील, रडतील, विसरतील. मग उरलेले दहा.

साडेतीनला मांडव रिकामा झाला. नव्या खोलीत सतरंजीवर तिघंच होती. श्रावण मोहोड भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “ताई, एक इचारू? तुम्ही बोलता तवा मले असं वाटते का तुम्हाले वळखतो म्या. तुम्ही वसुधाताई तं नाही न? नाव बदलून खेळतात कंपनीवाले, म्या ऐकलं हाय.”

हो म्हणणं किती सोपं होतं. शब्द तिचेच होते, लकब तिचीच होती. समोर दोन माणसं आशेने पाहत होती.

“नाही काका,” शलाका म्हणाली. “वसुधाताई नावाचं कोणी नाही. तेच सांगायला आले.”

तिने सगळं सांगितलं. ठसा, खाडी, रहिवासी, पारा. सोप्या शब्दांत सांगितलं आणि काही लपवलं नाही. वायरमन माणूस, यंत्र कसं चालतं ते श्रावण मोहोडांना पटकन कळलं. तिचं झाल्यावर त्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत विचारायला सुरुवात केली.

“बशीरभाई?”

“नाहीत.”

“इचलकरंजीची ते नर्सबाई, लीला?”

“नाही.”

“तिच्या पोराची परीक्षा होती ना. म्या अंगारा पाठवणार होतो.”

दहा नावं झाली. दहाही वेळा ती नाही म्हणाली. पाचच बोटं हलत असल्यामुळे ती दोनदा मिटावी लागली.

“आन् जुई?”

“जुई आहे. खरी आहे. सावंतवाडीला असते. पण तुमच्याशी बोलली ती जुई नव्हती.”

श्रावण मोहोड टेकलेले होते ते सरळ झाले. इतका वेळ ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं नव्हतं ते आता आलं.

“म्हणजे म्या माफी मांगितली ते तिले मालूमच नाही?”

“नाही.”

“तिच्या हिशोबानं म्या अजून तसाच हावो? शिव्या देणारा?”

“हो काका.”

सिंधूताई उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, “म्या तवाच म्हटलं होतं याईले. इतक्या लवकर कोणी माफ करत नाही म्हणून.”

बाहेर मांडववाले बांबू सोडत होते. शलाकाला वाटलं होतं की ते चिडतील, आरडाओरडा करतील, आणि तिने त्याची तयारी केली होती. ते उठले, आतून मोबाइल घेऊन आले आणि चार पानांचं माफीपत्र उघडून तिच्यापुढे धरलं.

“हे तिच्यापर्यंत पोचवता का? बाकीच्याईचं पाहू मंग.”

शलाका घरी परतली नाही. ती तशीच सावंतवाडीला गेली. कंपनीच्या जुन्या कागदांत जुईचा नंबर होता. तिने फोन केला, आणि जुईने थोड्या विचाराने संध्याकाळी पाच वाजता तलावाकाठच्या एका चहाच्या दुकानात यायचं कबूल केलं.

जुई आता चोवीस वर्षांची होती. एका रोपवाटिकेचं काम पाहत होती, नखांत माती होती. तिने माफीपत्र सगळं वाचलं, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “हे त्यांनी वर्षभरापूर्वी लिहिलंय. मग इतके दिवस कुठे होतं?”

शलाकाने पुन्हा सगळं सांगितलं. या खेपेला जास्त अवघड गेलं.

“थांबा,” जुई म्हणाली. “माझ्या नावाने तुम्ही त्यांना माफ केलंत?”

“यंत्राने केलं. पण यंत्र आमचंच.”

“किती जणांना?”

“तीनशे सत्तेचाळीस.”

जुई हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “मी दोन वर्षं फोनची बेल वाजली की दचकते. माझं नाव बदलावं का, असा घरात विचार चालला होता. आणि तिकडे मी तीनशे सत्तेचाळीस जणांना ‘काका, झालं गेलं’ म्हणत हिंडत होते. ते सगळे रात्री निवांत झोपत होते. हो ना?”

“हो.”

“त्यांनी मला शिव्या दिल्या ते मला कळत होतं. तुम्ही काय केलंत ते मला कळलंसुद्धा नाही.” ती उठली. “सगळ्यांना सांगा. एकूण एकाला. मग मी या पत्राचं काय करायचं ते बघते.”

शलाकाने सांगितलं. पुष्करला आधी कळवून, त्याच्या परवानगीची वाट न पाहता, तिने चारशे बारा जणांना खरं काय ते लिहिलं. रेहानाने तिला अडवलं नाही. उलट पत्र खऱ्या अर्थाने त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून खाडीची भिंत तिनेच आतून उघडली, आणि ते झाल्यावर शलाकाशी बोलणं बंद केलं. आठवड्याभरात ती गोष्ट सगळीकडे झाली. त्रिज्यावर खटले झाले, गलबतचे निम्मे खेळाडू गेले. शलाकाची नोकरी गेली आणि तिच्यासोबत इतर साठ जणांचीही. त्यातल्या काहींनी तिला फोन करून जे ऐकवायचं ते ऐकवलं. तिने ते ऐकून घेतलं.

न्यायालयाने खाड्या बुजवायला सांगितल्या, पण त्याआधी आतल्या प्रत्येकाला एकदा विचारावं असा आदेश दिला. उत्तरं आली तेव्हा सगळेच चकित झाले. चारशे बारा जणांपैकी एकशे एकाहत्तर जणांनी लिहिलं होतं की आम्हाला सगळं समजलं आहे, तरी आमची खाडी बंद करू नका. एका बाईंनी लिहिलं, ‘मला रोज जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कोणी नाही. खोटं तर खोटं.’ तो प्रश्न अजून न्यायालयात आहे.

श्रावण मोहोडांनी आपली खाडी बंद करायला सांगितली होती.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा शलाकाला फोन आला. ती तेव्हा कोल्हापुरातच एका ग्रंथालयाचं काम पाहत होती.

“ताई, जुईचं उत्तर आलं.”

“काय म्हणते?”

“माफीचं काही नाही. एकच गोष्ट इचारली हाय. तिच्या वडिलाच्या दुकानाचा फोटो कोणीतरी टाकला होता, पत्त्यासकट. मंग तिथं लोक गेले, दुकानाची काच फोडली. म्हणते, तो फोटो तुम्ही टाकला होता का?”

“माफीपत्रात ते नाही.”

“नाही. तवा लिवलं नाही म्या. त्या खाडीतल्या जुईनं इचारलंच नाही कधी. काय लिवू?”

तिला पटकन सुचलेलं वाक्य होतं, ‘घाई नाही, सावकाश लिहा.’ ते तिने गिळलं.

“मला नका विचारू काका.”

“हो. बरोबर हाय.” त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी मोबाइल मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं, ‘हो. मीच टाकला होता.’ आणखी काही लिहावं म्हणून ते पाच-सात मिनिटं बसले. मग तेवढंच पाठवून दिलं. पाठवल्याची खूण आली. काही वेळाने वाचल्याची खूण आली. त्यानंतर काहीच आलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या दिवसांतही नाही.

सिंधूताईने चौथ्या दिवशी विचारलं, “आलं का काही?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काय,” श्रावण मोहोड म्हणाले. “वाचलं तिनं.” आणि ते जेवायला उठले.